उपरण्याखालची कंपनी

महत्त्वाचं काही बोलायचं असलं की आमचे डायरेक्टरभाऊ आधी उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हवेत धरून हळूच फिरवीत, रेडिओचं बटण फिरवावं तशी. समोरच्याने घाई केली तर म्हणत, "थांबा जी, अजून स्टेशन लागलं नाही." मग डोळे बारीक होत, बोटं थांबत आणि स्टेशन लागे. बहुतेक वेळा ते एकच असे: "फाईल चालून राहिली."

गेल्या रविवारी तुम्ही दोघं भावंडं फोनवर भांडलात, तेव्हा मला त्यांची आठवण झाली. धाकटा म्हणाला, देशात चिप बनवायची की नाही हे सरकार ठरवतं. ताई म्हणाली, छे, कंपनीचं बोर्ड ठरवतं. दोघंही आपापल्या देशांतून ओरडत होतात आणि आजीला कुणी काही विचारलं नाही. आजीला काय विचारायचं? पण मुलांनो, वयाच्या विसाव्या वर्षी मी एका हाय-टेक कंपनीची सेक्रेटरी होते. कंपनी पांढुर्ण्यात होती. बोर्डाच्या चारही सभासदांचे पाय मी जवळून पाहिले आहेत, कारण सभा सतरंजीवर होत.

तेव्हा चिप नव्हती, व्हॉल्व्ह होते. काचेचे, लहान वांग्याएवढे, आतून तापून लाल होणारे. ते बोटीने येत आणि बोटीतून उतरवून घ्यायला दिल्लीचा परवाना लागे. रेडिओ ही मोठ्या शहरांतल्या मोठ्या लोकांची वस्तू होती.

डायरेक्टरभाऊंना तो पांढुर्ण्यात बनवायचा होता.

त्यांचं खरं नाव सांगत नाही. गाव त्यांना डायरेक्टरभाऊ म्हणे, मीही तेच म्हणते. लढाईच्या काळात ते फौजेच्या वायरलेस विभागात होते. तिथून परत येताना त्यांनी तारांना डाख लावायची एक कांडी, दोन खाकी पँटी आणि ही बोटं फिरवायची सवय आणली. लग्नात मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावरही त्यांनी म्हणे आधी बोटं फिरवली होती. मुलीकडच्यांना वाटलं नवऱ्या मुलाला झटका आला.

पहिला संच त्यांनी फौजेच्या भंगारातले व्हॉल्व्ह घालून स्टेशनरोडवरच्या एका टिनाच्या शेडमध्ये जोडला. बॅटरीवर चालणारा, कारण खेड्यांत वीज नव्हती. पेटी संत्र्याच्या खोक्यांच्या फळ्यांची. सुरू करून पाच-दहा मिनिटं झाली की व्हॉल्व्ह तापत, मग फळ्या तापत आणि बातम्यांना संत्र्याच्या सालीचा वास येऊ लागे. ऐकायला जमलेले शेतकरी म्हणत, "भाऊ, दिल्ली तर पिकून राहिली!"

भाऊंचं म्हणणं साधं होतं. कापसाचा भाव नागपूरच्या दलालाला ज्या घटकेला कळतो, त्याच घटकेला तो रामाकोन्यासारख्या खेड्यातल्या माणसालाही कळला पाहिजे. हे ऐकून शेडचे मालक, आमचे शेठ, कौतुकाने मान डोलवत. शेठ स्वतः कापसाचे आणि संत्र्याचे दलाल होते. ह्या वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली.

सौंसरच्या एका वकीलसाहेबांनी सांगितलं की परवाना असा कुणा एकट्यादुकट्याला मिळत नाही, कंपनी काढा. म्हणून कंपनी निघाली: जाम व्हॅली रेडिओ वर्क्स, प्रायव्हेट लिमिटेड. आमची जाम नदी उन्हाळ्यात एवढी उरते की तिची व्हॅली कुठे आहे हे दाखवायला माणूस सोबत द्यावा लागेल. पण लेटरहेडवर ते छान दिसे. डायरेक्टर चार: अध्यक्ष शेठ, सौंसरचे वकीलसाहेब, रामाकोन्याचे एक संत्रावाले पाटील आणि भाऊ. कचेरीचा पत्ता नागपूरचा, भाऊंच्या मावसभावाच्या घराचा. कारण तेव्हा आमची राजधानी नागपूर होती आणि राजधानीत पत्ता असला की वजन पडतं, असं वकीलसाहेबांचं मत. हा पत्ता लक्षात ठेवा.

मी नागपुरात इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि सकाळी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवत होते. इंग्रजी पत्रं टाइप करायला भाऊंनी मला विचारलं. माझ्या वडिलांनी अट घातली की टाइपरायटर रस्त्यावरून दिसेल असा दारात ठेवायचा. भाऊंनी तो इतका दारात ठेवला की बैलगाडीवाले थांबून मला स्पेलिंग विचारत.

पहिल्या दिवशी भाऊ म्हणाले, "बाई, लिहा. वुई बेग टू स्टेट."

मी म्हटलं, "बेग कशाला? आपण भीक थोडीच मागतोय?"

बोटं फिरली. बराच वेळ फिरली. "बरोबर आहे. काहून मांगाची? खोडा तो बेग. नुसतं स्टेट करू." त्या दिवसापासून जाम व्हॅलीने सरकारला पुष्कळ गोष्टी कळवल्या, पण बेग काहीही केलं नाही.

आता आमच्या बोर्डाची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावरच अडलं. आमच्याकडे संत्र्याच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि देणारा हातांवर उपरणं टाकत आणि खाली बोटं धरून सौदा करत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नसे. एकदा उपरणं उचललं की सौदा पक्का. मग "मला तसं म्हणायचं नव्हतं" असं म्हणणाऱ्याशी दुसऱ्या दिवशी कुणी व्यवहार करत नसे.

पहिल्याच सभेत वकीलसाहेब म्हणाले, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

शेठ दचकले. "असा उघडा? तोंडावर नाही म्हटलं तर उद्या लग्नाले कोण बोलावते, वकीलसाहेब?" आणि त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या हातावर टाकलं. "एकेकानं हात घाला. एक बोट देल्लं तर होय, मूठ देल्ली तर नाही. किती होय आन् किती नाही, तेवढं मी सांगन."

"कंपनी कायद्यात हे बसत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"कायद्यात उपरण्याले मनाई आहे का?"

वकीलसाहेब आठवडाभर पुस्तक चाळत बसले. मनाई सापडली नाही. तेव्हापासून आमचे सगळे ठराव उपरण्याखाली झाले आणि मी ते रजिस्टरमध्ये सुवाच्य इंग्रजीत उतरवले. त्या रजिस्टरमध्ये एकही खाडाखोड नव्हती. ते मी दिसेल त्याला दाखवत असे. भाऊंनी एक कलम मात्र हट्टाने घालून घेतलं होतं: मतं सारखी पडली तर अध्यक्षाला जादा मत नाही, विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

इकडे फाईल चालून राहिली होती. दिल्ली म्हणे, ह्या व्हॉल्व्हची खरोखर गरज आहे असा राज्य सरकारचा दाखला आणा. राज्य म्हणे, दिल्ली व्हॉल्व्ह देणार असल्याचं पत्र आणा, मग गरज आहे असं लिहू. फॉर्मात प्रश्न होता: गेल्या तीन वर्षांत किती रेडिओ बनवले? शून्य लिहावं तर अनुभव नाही. एक लिहावा तर तो परवान्याशिवाय बनवला हा गुन्हा. भाऊंची बोटं फिरली. "बाई, लिहा, काम चालू आहे."

मग राज्यांची पुनर्रचना झाली. आम्ही होतो तिथेच होतो, घरं तिथेच, झाडं तिथेच, बोलणं तेच. राजधानी तेवढी कुणीतरी उचलून भोपाळला नेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. आणि जाम व्हॅलीचं काय झालं ते ऐका: कंपनीचा पत्ता नागपूरचा, म्हणून फाईल गेली मुंबई राज्यात. शेड पांढुर्ण्याचं, म्हणून शेड राहिलं मध्य प्रदेशात.

भाऊ नागपूरला गेले. परत आल्यावर त्यांनी तो संवाद आम्हांला दोन्ही बाजूंनी करून दाखवला.

"पांढुर्णा? ते आता आमच्यात नाही."

"आन् फाईल जी?"

"फाईल आमच्यात आहे."

"मग सही करा."

"दुसऱ्या राज्यातल्या गावासाठी आम्ही कशी सही करणार?"

"मग फाईल द्या, मी नेतो."

"तुम्हाला कशी देणार? त्या राज्याने मागितली पाहिजे."

भाऊ भोपाळला गेले. तिथल्या बाबूने हात जोडले. "भाईसाहब, नंबर बताइए, तो हम फाइल मँगवा लें."

"नंबर तर फाईलवर आहे."

"तो फाइल ले आइए."

ते स्टेशनवरून थेट शेडमध्ये आले आणि सतरंजीवर आडवे झाले. त्या दिवशी बोटं हललीच नाहीत. मी कपाट उघडलं. मुलांनो, मी पत्रांना नंबर घालते म्हणून तुमची आई मला हसते, पण त्या कपाटात पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत प्रत्येकाची कार्बन प्रत होती, नंबरवारीने, लाल दोरीत. फाईल नंबरही मला पाठ होता. "आपण सगळी फाईल पुन्हा बनवू," मी म्हटलं. अकरा दुपारी बसून मी ती बनवली. भाऊ एकेक पान हातात घेऊन म्हणत, "बाई, ही तर मूळ फाईलहून चांगली आहे. हिच्यावर चहाचे डाग नाहीत."

ती फाईल, माझं सभांचं रजिस्टर आणि तो संच घेऊन ते पुन्हा भोपाळला गेले. एका मोठ्या साहेबांच्या टेबलावर त्यांनी संच सुरू केला. थोड्या वेळाने खोलीत वास सुटला. साहेबांनी नाक वर केलं. "ये खुशबू इसी में से आ रही है?"

"हाँ जी," भाऊ म्हणाले, "वो भी स्वदेशी है."

साहेब हसले, फाईल वाचली, रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, दाखला महिनाभरात निघेल. त्या खेपेला भाऊ शेडमध्ये शिरले ते "फाईल चालून राहिली!" असं ओरडतच. शेजारचा सायकलवाला पाहायला आला की कोण कुठे चाललं.

त्याच आठवड्यात दोन रंगांचे बूट घातलेले एक गृहस्थ मुंबईहून उतरले. एका मोठ्या रेडिओ कंपनीचे प्रतिनिधी. नाव माझ्या लक्षात आहे, पण लिहीत नाही. सतरंजीवर बसताना त्यांना बुटांचं काय करावं ते कळेना. त्यांचं म्हणणं असं: तुम्ही परवान्याचा अर्ज मागे घ्या. आम्ही तुम्हांला सगळ्या भागाची एजन्सी देतो. वर पाटी, कॅलेंडरं आणि बारा तयार संच देतो. उत्तर आठ दिवसांत हवं.

"आमच्या अर्जाची तुम्हाले काहून इतकी काळजी?" भाऊंनी विचारलं.

गृहस्थ चांगल्या स्वभावाचे होते, खरं सांगून बसले. कुणाला परवाने द्यावेत ह्याचा सल्ला दिल्लीला देणारी एक समिती होती. त्यांच्या कंपनीचे चेअरमन त्या समितीवर होते. छोटे अर्ज वाढले की समितीला उगाच त्रास होतो, म्हणाले.

"म्हणजे पेपर सोडवणारे पण तेच आन् तपासणारे पण तेच," भाऊ म्हणाले. गृहस्थांनी चहा संपवला.

सभा आठव्या दिवशी ठरली. ठराव असा: अर्ज मागे घेऊन एजन्सी घ्यावी. आदल्या दिवशी भाऊंनी माझ्या टेबलाशी उभं राहून हिशेब मांडला. शेठला आता रामाकोन्याला भाव कळण्याचा अर्थ कळला होता, ते होय म्हणणार. वकीलसाहेब वाट पाहून थकले होते, तेही होय. पाटील पक्के, ते मुंबईवाल्यांनी आणलेला नमुन्याचा संच हुंगून म्हणाले होते, "ह्याच्या रेडिओले वासच नाही." म्हणून त्यांची मूठ. आणि भाऊंची मूठ.

"दोन-दोन पडतीन, बाई. तहकूब. तहकूब झालं का एक महिना भेटते. महिन्यात दाखला येते. दाखला आला का मंग कोण पाटी लावते?"

एका मुठीचं काम होतं.

सभेत शेठनी उपरणं पसरलं. वकीलसाहेबांनी हात घातला, काढला. पाटलांनी हात घातला, काढला. मग भाऊ. शेठना मालगाडीत माल चढवायला स्टेशनवर जायचं होतं, त्यांचं एक ढोपर उठलेलंच होतं. "बोला भाऊ," ते म्हणाले. मी पाहत होते. उपरण्याचं कापड भाऊंच्या हातावर हळूच हललं, गोल, एकदा इकडे, एकदा तिकडे. शेठनी बोट पकडलं आणि उपरणं उचललं.

"तीन होय, एक नाही. ठराव पास. लिहा बाई." शेठ चपला घालून गेलेसुद्धा. त्यांनी लबाडी केली नाही. त्यांच्या हाताला बोट लागलं होतं.

मी लिहिलं.

पाटील दाराशी जोडा शोधत होते, ते एकदम वळले. "तीन कसे? मी तर मूठ देल्ली होती. भाऊ, तुम्ही?"

भाऊ आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. मुलांनो, त्यांनी आजवर प्रत्येक ठरावाला होयच दिलं होतं, कारण सगळे ठराव त्यांचेच असत. उपरण्याखाली नाही म्हणायची त्यांची ही पहिली वेळ होती. त्यांची बोटं स्टेशन शोधत होती. मूठ अजून वळायची होती.

"बाई, थांबा," पाटील म्हणाले. "ते खोडा. शेठले बोलावतो, पुन्हा हात घालू."

शाई ओली होती. रजिस्टर माझ्या मांडीवर होतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं. पान इतकं स्वच्छ होतं. मी टीपकागद उचलला आणि ओळीवर दाबला.

"जाऊ द्या, पाटील," भाऊ मग म्हणाले. "उपरणं उचललं. दोन वर्षं आपण सरकारले सांगून राहिलो का बावा, आपल्या नियमानं चाल. आता आपण काहून फिराचं?"

पाटील त्यांना काय काय म्हणाले ते मी लिहीत नाही. रामाकोन्याची मराठी फार भरीव आहे.

दुसऱ्या दिवशी अर्ज मागे घेण्याचं पत्र भाऊंनी स्वतः सांगितलं. "लिहा, बाई. वुई बेग टू विथड्रॉ." मी थांबले. "राहू द्या तो बेग," ते म्हणाले. "आज शोभते."

भोपाळचा दाखला आला बरोबर तेराव्या दिवशी, म्हणजे सगळे विधी उरकल्यावर. जाड कागद, गोल शिक्का, सही निळ्या शाईची. भाऊंनी तो दोनदा वाचला. बोटं फिरली आणि थांबली. "लागलं स्टेशन," ते म्हणाले. मग तो माझ्याकडे दिला. "नंबर घाला आन् लावा फायलीत."

पुढे शेडवर मुंबईच्या कंपनीची पाटी चढली. भाऊ चांगले एजंट झाले, फक्त एक खोड होती. गिऱ्हाइकाला देण्याआधी ते प्रत्येक संच मागून उघडत, आत बघत, नाक लावून हुंगत. "माल चांगला आहे," सांगत, "पण वास नाही." गिऱ्हाईक गोंधळून जाई. तिगावचा एक जण तर संच परत घेऊन आला, म्हणाला, वासवाला द्या.

माझं लग्न झालं, मी जबलपूरला गेले. माहेरी आले की शेडमध्ये डोकावत असे. एकदा त्यांच्या हातात नवा ट्रान्झिस्टर होता. ते तो चिमटीत धरून बघत होते. "इतकुसा! ह्याचा परवाना पण इतकुसाच असन, नाही?" बोलणं हसण्यावारी चाललं होतं, तेव्हा मी धीर करून विचारलं, "भाऊ, त्या दिवशी मी खोडलं असतं तर?"

बोटं हवेत गेली. मी वाट पाहत राहिले.

"बाई, भोपाळचे साहेब तुमचं रजिस्टर पाहून म्हणाले होते, इतकी साफ कंपनी आम्ही पाह्यली नाही. मले बम अभिमान वाटला होता जी." आणि त्यांनी ट्रान्झिस्टर माझ्या नाकाशी धरला. "पाहा बरं, येऊन राहिला का काही वास?"

मी म्हटलं, येतो. थोडासा.

ते गेल्याचं मला जबलपुरात पोस्टकार्डाने कळलं. पाटलांनी पाठवलं होतं, इतक्या वाकड्या अक्षरात की मी आधी तारीख वाचली. भाऊंचा तो पहिला संच पाटलांकडे राहिला, नंतर कुठे गेला माहीत नाही. आता तर पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टरचं ऑफिस गावातच आलं. भाऊ असते तर फाईल सायकलच्या कॅरिअरला लावून नेली असती.

तर सरकार ठरवतं की बोर्ड, ह्याचा निकाल तुम्ही लावा. माझ्या माहितीच्या एका कंपनीचं भवितव्य शेवटी एका टीपकागदाने ठरवलं, आणि तो माझ्या हातात होता.

रजिस्टर माझ्याकडेच आहे. परवा तुमचा फोन झाल्यावर मी ते पेटीतून काढलं, चष्मा पुसला आणि ती ओळ शोधली. पट्टी ठेवून, लाल शाईने, ती सरळ खोडली. वर लिहिलं: दोन होय, दोन नाही, विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब. बाजूला सही केली.

सभेच्या तारखेची जागा मोकळी ठेवली आहे.